मागचे पाटे, टपावरचा तंबू आणि वजनकाट्याची पावती

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे कमानपाटे (एकावर एक रचलेल्या बाकदार पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असलेली, फोर-व्हील-ड्राइव्हची डबल कॅब डिझेल पिकअप आहे. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग चर्चा कंपन्यांच्या तुलनेकडे वळते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. येत्या सप्टेंबरात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी आणि दोन मुले, पुण्याहून शिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबोमार्गे काझाला जाऊन कुंझुम खिंडीतून मनालीला उतरणार आहोत. त्यासाठी मागच्या हौद्यावर कॅनोपी (हौदा झाकणारे बंद टप) बसवून घेतली, टपावर तंबू घेतला, फ्रीज आणि दुसरी बॅटरी लावली. गेल्या महिन्यात हे सारे सामान भरून सरावासाठी वेल्ह्याकडे गेलो, तेव्हा गाडी मागून इतकी बसली की समोरून येणारा प्रत्येक जण दिवे चमकवून मला माझे दिवे खाली करायला सांगत होता. एका खड्ड्यात मागून असा दणका बसला की मुलगी दचकून जागी झाली. एका गॅरेजमध्ये गाडी दोन इंच उंच करणारे लिफ्ट किट सुचवले आहे. ते घ्यावे की आणखी काही करावे, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चिखलवाट

दोन इंच लिफ्ट खुशाल घ्यावी. माझ्या गाडीला तीन वर्षांपासून आहे आणि आजवर कसलीच तक्रार नाही. दिसतेही रुबाबदार.

यंत्रकाका

चिखलवाट यांची गाडी मी पाहिलेली आहे आणि ती खरोखर रुबाबदार दिसते. परंतु ते रविवारी सकाळी रिकाम्या गाडीने चिखलात जातात आणि दुपारच्या जेवणाला घरी परततात. घाटमाथा यांचा प्रश्न वेगळा आहे. गाडी उंच करणे आणि गाडीला भार पेलायला लावणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि बाजारात ती एकाच खोक्यात विकली जातात म्हणून आपला गोंधळ होतो. उंचीसाठी केलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला दोन इंच वर धरते. तिच्यावर तुमचे सामान चढले की ती पुन्हा बसते, फक्त दोन इंच वरून बसायला सुरुवात करते. भारासाठी केलेली स्प्रिंग ठरावीक वजन अंगावर असतानाच योग्य उंचीला येते, आणि ते वजन उतरवले की गाडी मागून शेपूट वर केल्यासारखी उभी राहते व रिकामी असताना अक्षरशः उडते. म्हणून कोणतीही स्प्रिंग निवडण्यापूर्वी तुमच्या गाडीवर कायम किती वजन असते आणि फक्त सफरीपुरते किती चढते, हे दोन आकडे हातात हवेत.

तेव्हा आधी वजनकाट्यावर जा. एकदा रिकामी गाडी, टाकी पूर्ण भरून आणि एकटा चालक बसवून. आणि एकदा सगळे सामान व माणसे भरून. दोन्ही वेळा आधी पूर्ण गाडीचे वजन घ्या, मग पुढची चाके काट्याबाहेर काढून फक्त मागच्या अॅक्सलचे (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाचे) घ्या. काटेवाला थोडी कुरकुर करील, त्याला पावत्यांचे पैसे आधीच द्यावेत. शिवाय चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर टेपने मोजून लिहून ठेवा. पैसे खर्च करण्याची वेळ त्यानंतर येते.

घाटमाथा

यंत्रकाका, आपण सांगितल्याप्रमाणे काल सहकुटुंब काट्यावर जाऊन आलो. मुलांना ही सहल फारच आवडली.

रिकामी गाडी, कॅनोपीही उतरवून: पुढे ११७०, मागे ८४०, एकूण २०१० किलो. सगळे भरून: पुढे १२१०, मागे १४३०, एकूण २६४० किलो. काटा दहा किलोच्या पटीतच दाखवतो. मागच्या मडगार्डचे अंतर रिकामे असताना ५४५ मिलिमीटर होते, भरल्यावर ४७० झाले. आणि आता खरा धक्का सांगतो: नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचे कमाल एकूण वजन २५५० किलो लिहिलेले आहे. म्हणजे मी नव्वद किलो जास्त घेऊन फिरत होतो आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

वाढलेल्या ६३० किलोंचा हिशेब घरी बसून मांडला. पत्नी आणि मुले मिळून १४०, कॅनोपी ११०, टपावरचा तंबू ६०, अन्न भरलेला फ्रीज ४५, दुसरी बॅटरी २८, पाणी ६०, वीस लिटरच्या दोन कॅनमधले डिझेल कॅनसह ४२, हत्यारे, जॅक, ओढण्याचे पट्टे आणि साखळदंड ५०, कपडे, स्वयंपाकाचे साहित्य, खुर्च्या व इतर सटरफटर ९५.

यंत्रकाका

शाबास. असा हिशेब मांडणारे फार थोडे भेटतात. आता या आकड्यांतून काय निघते ते पाहू.

वाढलेल्या ६३० किलोंपैकी पुढच्या अॅक्सलवर केवळ ४० गेले आणि मागच्या अॅक्सलवर ५९० गेले. म्हणजे मागच्या एका चाकावर २९५ किलो, न्यूटनमध्ये सुमारे २९००. तेवढ्या बळाने तुमचा पाटा ७५ मिलिमीटर बसला, म्हणजे त्याचा ताठपणा मिलिमीटरला साधारण ३९ न्यूटन. कंपनीने हा आकडा वाईट ठेवलेला नाही. रिकाम्या आणि अर्धवट भरलेल्या गाडीला तो चांगलाच मानवतो. परंतु ७५ मिलिमीटर आधीच खर्च झाल्यावर बंप रबरपर्यंत (अॅक्सल वर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) थोडीशीच वाट उरते, आणि खड्ड्यात ती संपली की रबर थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, हाणते. तुमच्या मुलीला जागे करणारा दणका हाच होता.

आता सामान कुठे ठेवले आहे हा मुद्दा. पाणी आणि डिझेल मागच्या फळक्याजवळ ठेवले असेल, तर ते मागच्या अॅक्सलच्या सुमारे ९०० मिलिमीटर मागे येते. तुमच्या गाडीच्या दोन अॅक्सलमधले अंतर ३०९५ मिलिमीटर धरले, तर तिथले १०० किलो मागच्या अॅक्सलवर १२९ किलो होऊन बसतात आणि पुढच्या अॅक्सलवरून २९ किलो उचलतात. हे तरफेचे साधे गणित आहे, लहान मुलांच्या सीसॉसारखे. तेच १०० किलो कॅबिनच्या पाठीला, अॅक्सलच्या ५०० मिलिमीटर पुढे ठेवले, तर मागे फक्त ८४ किलो येतात. केवळ डबे पुढे सरकवल्याने मागच्या अॅक्सलचे ४५ किलो वाचतात, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पाण्याची टाकी नेहमी कॅबिनला चिकटून आणि तळाशी असावी, कारण ते गाडीतले सर्वांत जड आणि सर्वांत जास्त हिंदकळणारे सामान असते.

लाहौलप्रेमी

डिझेलच्या कॅनबद्दल सांगतो. काझाला पंप आहे आणि मनालीच्या बाजूला तांडीला आहे. रेकाँग पिओला टाकी भरून निघालात, काझाला पुन्हा भरलीत, तर तुमच्या गाडीला सुटे डिझेल लागणार नाही. ४२ किलो तिथेच कमी झाले. टपावरच्या तंबूबद्दलही विचार करा. साठ किलो इतक्या उंचीवर असताना कुंझुम खिंडीच्या दोन बाजूंच्या लोसर ते बातल या खडबडीत वाटेवर गाडी जी डुलते, तिच्याने मागे बसलेल्यांना हमखास मळमळते. जमिनीवरचा चांगला तंबू दहाबारा किलोंत येतो.

घाटमाथा

टपावरच्या तंबूसाठी मी बरेच पैसे मोजले आहेत, त्यामुळे हे वाचून क्षणभर वाईट वाटले. तरी हिशेब मान्य आहे. एक प्रश्न: पाटे तसेच ठेवून, अॅक्सल आणि चासीच्या मध्ये हवेचे फुगे बसवून घेतले तर? हवा भरली की गाडी वर येते, सफर संपली की हवा सोडायची. ऐकायला तरी सोयीचे वाटते.

कमानीचा_नातू

या प्रश्नावर थांबवावेसे वाटले म्हणून लिहितो. कोल्हापुरात आमच्या घरात तीन पिढ्यांचे कमानीचे काम आहे. पाट्याचा भार चासीवर दोन ठिकाणी पोचतो: पुढच्या हँगरपाशी (पक्के टोक) आणि मागच्या शॅकलपाशी (हलत्या कडीचे टोक). या दोन टेकूंमध्ये बरेच अंतर असते, त्यामुळे चासीच्या पट्टीला भार वाटून मिळतो. फुगा मात्र त्या दोघांच्या बरोबर मध्ये, एकाच जागी चासीला वर ढकलतो, आणि ती जागा असा टेकू घेण्यासाठी बनवलेलीच नसते. त्यातच फळक्याकडे जड सामान असले, तर अॅक्सलवर खालून रेटा आणि मागच्या टोकाला खाली ओढ, अशी चासी त्या बिंदूवर मोडायलाच ठेवल्यासारखी होते. थोडासा तोल सावरण्यापुरता, कमी दाबाचा फुगा एक वेळ चालेल. परंतु बसलेले पाटे झाकण्यासाठी फुगा वापरू नये.

आता पाट्यांविषयी. तुम्हाला बहुतेक ठिकाणी "एक पाटा वाढवून देतो" असे सांगतील. हे स्वस्त असते आणि नीट केले तर वाईटही नाही, मात्र वाढवलेल्या पाट्याचा बाक बाकीच्या पाट्यांशी जुळला पाहिजे. त्याला जास्त बाक दिला, तर तो एकटाच सगळा भार उचलतो आणि काही महिन्यांत, सगळे पाटे मध्ये एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकतो. दुसरे म्हणजे कोणी जुना पाटा भट्टीत तापवून, ठोकून बाक चढवून देत असेल आणि त्यानंतर पुन्हा पाणी देण्याची (तापवून ठरावीक रीतीने थंड करून पोलाद कणखर करण्याची) रीतसर व्यवस्था त्याच्याकडे नसेल, तर ते काम करून घेऊ नये. पाट्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचे असते आणि त्याची सगळी ताकद त्याला दिलेल्या पाण्यात असते. ते उतरले की पाटा दिसायला पाटाच राहतो, पण दोन सफरींत पुन्हा सरळ होतो. पाट्यावर वेल्डिंग तर कधीच करू नये.

माझे मत विचाराल तर, पूर्ण नवा संच घ्यावा. मुख्य पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्याभोवती दुसऱ्या पाट्याचे टोक वळवलेले असावे, म्हणजे दुर्गम ठिकाणी मुख्य पाटा तुटलाच तरी अॅक्सल जागेवर राहतो आणि तुम्ही हळूहळू गावापर्यंत पोचता. सोबत बुश (डोळ्यातले अस्तर) आणि शॅकल पिन नवे घ्यावेत. पाटे अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने मुळीच वापरू नयेत, कारण ते एकदा आवळताना ताणले गेलेले असतात. नवे यू-बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क पान्याने कसावेत आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा कसावेत. आमच्याकडे परत येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या या एका विसरलेल्या कामामुळे असतात.

मेलबर्नकर

मी गेली अकरा वर्षे ऑस्ट्रेलियात आहे आणि इथे हा विषय लोकांच्या जेवणाच्या टेबलावर असतो, म्हणून एक फरक सांगतो. इथे गाडीचे कमाल एकूण वजन वाढवून घेण्याची कायदेशीर सोय आहे. नवी गाडी नोंदणीपूर्वीच मान्यताप्राप्त उत्पादकाकडून बदलून घेता येते, किंवा नोंदणीनंतर राज्याच्या नियमांनुसार अभियंत्याचे प्रमाणपत्र घेऊन बदलता येते. त्या संचात नुसत्या स्प्रिंगा नसतात. शॉक (स्प्रिंगची उसळी शमवणारे दांडे) असतात, कधी ब्रेक आणि इतर भागही असतात, आणि त्या सगळ्याची चाचणी झालेली असते. शेवटी गाडीवर नव्या आकड्याची पट्टी बसते. ती पट्टी नसेल तर कितीही जाड स्प्रिंगा घातल्या तरी कायद्याच्या लेखी गाडीची मर्यादा जुनीच राहते. इथले कित्येक लोकही याच गैरसमजात असतात की मागून गाडी बसत नाही म्हणजे ती जास्त भरलेली नाही. स्प्रिंग वजन लपवते, कमी करत नाही.

इथल्या बाजारातली एक सवय मात्र घेण्यासारखी आहे. इथे स्प्रिंग विकताना विक्रेता पहिला प्रश्न "कायम किती किलो?" असा विचारतो, उंचीचे नंतर.

कलम_आणि_शाई

कायद्याचे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला आहे. झिजलेले पाटे त्याच मापाच्या नव्या पाट्यांनी बदलणे निराळे आणि गाडी दोन इंच उचलणे निराळे. खाजगी मालकाने स्प्रिंगा बदलून प्रमाणपत्रावरचे २५५० चे २८०० करून घेण्याची वाट समजू नये. कॅनोपी, पाटे आणि इतर बदल विमा कंपनीला लेखी कळवावेत व आरटीओत विचारून घ्यावे. अपघातानंतर पंचनाम्यात हा विषय निघण्यापेक्षा ते बरे.

चिखलवाट

मग माझ्या लिफ्टचे काय?

कलम_आणि_शाई

आपण विचारले नसते तर मीही बोललो नसतो.

यंत्रकाका

दोन गोष्टी राहिल्या आहेत आणि दोन्ही ब्रेकशी व शॉकशी संबंधित असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली. जुन्या धाटणीच्या अनेक पिकअप आणि जीपगाड्यांत मागच्या अॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली सळई असते. गाडी भाराने खाली बसली की ती सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी व उंच असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाके लॉक होत नाहीत. आता तुम्ही ताठ पाटे घालून गाडी वर उचलली, की व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. अंगावर पाचशे किलो असताना मागचे ब्रेक अर्ध्या मनाने लागतात आणि उतारावर सगळा ताप पुढच्या ब्रेकवर येतो. कुंझुमवरून उतरताना हे अनुभवायचे नसेल, तर खाली वाकून अशी सळई आहे का ते पाहावे आणि असल्यास पाटे बदलल्यावर ती पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवून घ्यावी. ब्रेकची होज (लवचीक नळी) मागच्या अॅक्सलला पूर्ण खाली लोंबू दिल्यावर ताणली जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

दुसरी गोष्ट शॉकची. स्प्रिंग भार पेलते, शॉक तिची उसळी शमवतो. पाटे ताठ केले की ते परत उसळतानाही जास्त जोराने उसळतात, आणि कंपनीचे शॉक त्या जोराला पुरे पडत नाहीत. म्हणून पाटे आणि शॉक एकमेकांना साजेसे, एकाच वेळी घ्यावेत. शॉक जी ऊर्जा शमवतो तिची उष्णता होते. डांबरी रस्त्यावर ती सहज निघून जाते. पन्हाळी पत्र्यासारख्या सलग खडबडीत वाटेवर तासन्‌तास निघत नाही, तेल तापून पातळ होते, त्यात फेस येतो आणि शॉक असून नसल्यासारखा होतो.

लाहौलप्रेमी

काकांच्या शेवटच्या वाक्याचा साक्षीदार मी आहे. काही वर्षांपूर्वी बातलकडे येताना माझ्या जीपचा मागचा उजवा शॉक गेला आणि मला ते गावात पोचेपर्यंत कळले नाही. तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: दर तास-दीड तासाने थांबून चारही शॉकजवळ हात नेऊन पाहतो. हात थेट टेकवू नये, भाजतो. तापलेला शॉक म्हणजे काम करणारा शॉक. चारांपैकी जो थंड असेल तो संपलेला समजावा. अशा वाटेवर टायरमधली हवा थोडी कमी करून वेगही कमी ठेवला, तर शॉकना मोठा आधार मिळतो. पुन्हा डांबरी रस्ता लागला की हवा भरायला विसरू नये, कारण हवा कमी असताना टायरची भार पेलण्याची क्षमताही कमी असते.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. ठरवलेले असे. डिझेलचे कॅन बंद. पाणी साठावरून चाळीसवर आणि कॅबिनच्या पाठीला. टपावरचा तंबू घरी ठेवून बारा किलोंचा जमिनीवरचा तंबू. कपडे आणि भांड्यांतून पत्नीने पंचवीस किलो काढले. मी काढले असते तर दहाच निघाले असते. एकूण १३५ किलो कमी झाले. कॅनोपी, बॅटरी, हत्यारे आणि फ्रीजचे सरकते बैठे मिळून दोनशे किलोंच्या आसपास वजन मागे कायम राहणार आहे, म्हणून कायमच्या २०० किलोंसाठी बनवलेला पाट्यांचा नवा संच, त्याला साजेसे शॉक, नवे बुश आणि नवे यू-बोल्ट अशी मागणी नोंदवली आहे. दोन इंच लिफ्ट रद्द.

घाटमाथा

सफर करून परवा परतलो, म्हणून धागा वर काढतो.

निघण्यापूर्वी काट्यावर: पुढे १२४०, मागे १२६०, एकूण २५०० किलो. मागचे अंतर कायमच्या भारासह ५५०, सफरीचे सगळे सामान भरल्यावर ५२५ मिलिमीटर. समोरच्या गाड्यांनी एकदाही दिवे चमकवले नाहीत. यू-बोल्ट इंदूरला मुक्कामी असताना पुन्हा कसले. चारपैकी दोन खरोखर पाव फेरा फिरले. ब्रेकची सळई माझ्या गाडीत होती आणि ती जुळवून घेतली होती. लोसर ते बातल या टप्प्यात दर तासाला थांबून शॉकजवळ हात नेला, चारही तापलेले होते. बंप रबरचा दणका संपूर्ण सफरीत दोनदाच बसला आणि दोन्ही वेळा चूक वेगाची, म्हणजे माझी होती.

तक्रार एकच. रिकाम्या गाडीने पुण्यात ऑफिसला जाताना गतिरोधकांवर मागून चांगलीच आदळते. आणि एक शंका: मागचे उजवे अंतर डाव्यापेक्षा सहा मिलिमीटर कमी भरते. पाटा बसला असेल का?

कमानीचा_नातू

इतक्यात पाटा बसत नाही. मोजताना चालकाच्या जागी आपण बसला होता का, टाकी कोणत्या बाजूला आहे आणि बॅटरी कोणत्या बाजूला लावली आहे, हे आधी पाहावे. बॅटरी उजवीकडे असेल तर ती डावीकडे हलवून, सपाट जमिनीवर, गाडी दोन-चार फूट पुढेमागे करून पुन्हा मोजावे. तरीही सहाच भरले तर कोल्हापूरला या, काढून पाहू.

घाटमाथा

बॅटरी उजवीकडेच आहे. रविवारी हलवतो आणि आकडे इथे लिहितो.